अट नाही, क्षमस्व

आपल्याकडे पूर्वग्रह कोणी तसाच वाढत नाही. आधी पाट-रांगोळी होते. ‘मी जातपात मानत नाही, पण...’ यातला ‘पण’पर्यंतचा मजकूर पाहुण्यांसाठी, पुढचा घरच्यांसाठी.

लेखी स्वरूपात ही कला बघायची तर वधूवर पाहिजेच्या छोट्या जाहिराती वाचाव्यात. ‘जातीची अट नाही’, आणि लगेच ‘एससी, एसटी क्षमस्व’. पहिल्या तीन शब्दांत पुरोगामीपण पदरात पडतं, शेवटच्या एका शब्दात सभ्यपणा. छोट्या जाहिरातीत शब्दाला पैसे पडतात, तरी माणसं क्षमस्वचे पैसे मोजतात. (हुंड्याचा हिशेब करणाऱ्यांकडून इतका दिलदारपणा!) संविधानाच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता संपवली 1950 मध्ये, विशेष विवाह कायदा आला 1954 मध्ये. शिवाय आंतरजातीय लग्नाला सरकारी अर्थसाहाय्यही मिळतं. तेही बहुधा क्षमस्व.

आता लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर माफीचीही गरज उरलेली नाही. जातींची यादी समोर येते, हव्या त्यांवर टिचकी मारायची. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही, आणि आपण जात मानत नाही हे सांगायला तोंड मोकळं राहतं.