जीर्ण-कर्नल-विसर्जन-मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगून टाकावेत, म्हणजे नको असलेला वाचक तिथूनच परत फिरतो. विषय : लिनक्सच्या संगणकात बूट नावाच्या कोपऱ्यात साचणारे जुने कर्नल, म्हणजे यंत्रणेचे गाभे. प्रयोजन : जागा मोकळी करणे. संबंध : विंडोजने आखून ठेवलेलं बूटचं विभाजन बहुधा १०० एमबीचं असतं आणि शेजारी लिनक्स घालणारा माणूस त्यातच तीन कर्नल कोंबू पाहतो, हा. अधिकारी : ज्याच्याकडे रूटचा पासवर्ड आहे तो. पासवर्ड असूनही अनधिकारी राहणारे पुष्कळ आहेत, त्यांचा समाचार यथावकाश.

पूर्वसूरींची परंपरा तोकडी आहे. आमच्या नागपुरातच १८७१ साली जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून गेले, पण कर्नलावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. लिनस टोरवाल्ड्सने पहिला कर्नल १९९१ साली प्रसिद्ध केला, हे कारण त्यांच्या बाजूने ग्राह्य धरता येईल. त्यानंतरच्या विदर्भीय लेखकांना मात्र ही सबब नाही.

कर्नल जुना होतो म्हणजे काय, हे आधी ठरवलं पाहिजे. कर्नल वापरून झिजत नाही. दुसरा आला की पहिला त्याच क्षणी जुना. मूळ कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तिच्या दुरुस्त्या जवळपास दर आठवड्याला. ठरावीक काळाने आवृत्त्या काढणाऱ्या वितरणांत हा ओघ गाळून येतो. रोलिंग वितरणांत आवृत्ती ही भानगडच नाही. जे तयार झालं ते दारात. तेव्हा दर रविवारी अपडेट करणारा सद्गृहस्थ बहुतेक रविवारी एक जुना कर्नल निर्माण करतो आणि चहा प्यायला उठतो.

हे शास्त्र पुण्यात निर्माण झालं असतं तर त्यात एकच मत असतं. नागपुरात दोन दर्शनं आहेत, आणि दोन्ही रस्त्यावर बघायला मिळतात.

पहिलं मारबतीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते. सोबत त्या-त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे बडगे असतात, आणि रोगराईपासून राजकारणापर्यंत सगळं ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून तिच्या पदरात घातलं जातं. मग जाळून मोकळं. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बाकाबाई, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकापासून गाव तिला दरसाल जाळतं आणि दरसाल नवी बांधतं, म्हणजे काढलेलं पॅकेज पुढल्या अपडेटला परत येतं, हा अनुभव इथे जुनाच आहे.

दुसरं दर्शन विधानभवनाचं. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशची. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरवलं की नव्या राज्यात सरकारने काही काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि वर्षातून एक तरी अधिवेशन इथे घ्यावं. राजधानीपद गेलं, इमारत राहिली. डिसेंबर आला की मुंबईहून सरकार फायलींसकट येतं, यंत्रणा अजून चालू होते की नाही ते बघतं आणि परत जातं. २०२० आणि २०२१ साली हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं, तरी कोणी विधानभवन अनइन्स्टॉल केलं नाही.

आता वितरणांकडे येऊ. २००२ साली सुरू झालेलं आर्च लिनक्स कट्टर मारबतपंथी. त्याचा पॅकेज-व्यवस्थापक पॅकमन नवा कर्नल बसवताना जुना तर काढतोच, त्याची मॉड्यूलं ठेवलेलं फोल्डरही साफ करतो. इथे शास्त्रातला सर्वांत सूक्ष्म मुद्दा उपस्थित होतो. चालू संगणकाच्या स्मृतीत अजून जुनाच कर्नल आहे. त्याला एखादं मॉड्यूल लागलं तर तो डिस्कवर आपल्या नावाचं फोल्डर शोधतो, आणि तिथे काहीच नसतं. पेनड्राइव्ह लावला, दिवा लागला, फाइली दिसत नाहीत. वसतिगृहातला पुढचा संवाद ठरलेला :

“पेनड्राइव्ह मेला बे.”

“माह्या लॅपटॉपवर तं चालते. रीबूट कधी मारला होता?”

“कायले मारू? चालू तं हाये.”

हाच तो पासवर्डधारी अनधिकारी. त्याचा लॅपटॉप बंद होत नाही, फक्त झाकण मिटतं. अशा कित्येकांनी धडधाकट पेनड्राइव्ह टाकून सीताबर्डीवरून नवा आणला आहे आणि तोही मेलेलाच निघाला आहे. दुकानदाराशी त्यानंतर झालेल्या वादाचा विचार हे शास्त्र करत नाही. यावर आर्चवाल्यांकडे तोडगा आहे, पण ते तो मोठ्याने सांगत नाहीत : शेजारी गुपचूप एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा, कर्नल बसवून ठेवायचा. मारबत जाळून घरी यायचं आणि देव्हाऱ्यामागे बाकाबाईची तसबीर ठेवायची, यातला विरोध त्यांना जाणवत नाही.

दुसऱ्या टोकाला व्हॉइड लिनक्स. नावात शून्य आणि बूटमध्ये गर्दी. कर्नल काढायचा की नाही हा निर्णय त्याने सर्वस्वी मालकावर सोडला आहे, त्यामुळे मालक विसरला की सगळे राहतात. व्हीकेपर्ज नावाची आज्ञा आधी यादी दाखवते, मग सांगाल तो काढते. ‘ऑल’ म्हटलंत तरी चालू कर्नलला हात लावत नाही. यादी पाहून मालकाला भरून येतं आणि तो म्हणतो, राहू दे, कशाला काढता. विधानभवनपंथाचा हा अतिरेक झाला. करारात एक अधिवेशन आहे, बावीस नाहीत.

या दोहोंमध्ये सूत्रकार म्हणावा असा एकच, ओपनसुसे टम्बलवीड. तो सुरू केला ग्रेग क्रोआ-हार्टमनने, आणि स्थिर कर्नलच्या दुरुस्त्या काढण्याचं कामही याच गृहस्थाकडे. म्हणजे जो दर आठवड्याला जगाचा कर्नल जुना करतो, त्याच्याच घराण्यात जुन्यांच्या विल्हेवाटीचं सूत्र सापडावं, हे रास्तच. टम्बलवीडच्या पॅकेज-व्यवस्थेच्या संरचना-फाइलीत ते असं आहे : लेटेस्ट, लेटेस्ट-१, रनिंग. सगळ्यांत नवा ठेवा, त्याच्या आधीचा ठेवा, आणि ज्याच्यावर आत्ता उभे आहात तो ठेवा. बाकीचे पुढच्या बूटनंतर एक सेवा आपोआप काढते.

भाष्यकारांचा आक्षेप असा की पहिली दोन पदं असताना तिसरं कशाला? रीबूट झाला असेल तर रनिंग म्हणजे लेटेस्टच. हा आक्षेप झाकण न मिटणाऱ्या माणसाचा आहे. तीन अपडेट होऊनही जो रीबूट करत नाही, त्याचा चालू कर्नल नव्यातही बसत नाही आणि आधीच्यातही. तिसरं पद केवळ त्याच्यासाठी घातलं आहे. सूत्रकाराने अनधिकाऱ्याचीही सोय केली, एवढी करुणा मी दुसऱ्या कुठल्या संरचना-फाइलीत पाहिलेली नाही.

तरीही टम्बलवीडवाला तक्रार करतो की कर्नल काढला आणि जागा वाढली नाही. कारण त्याच्या बीटीआरएफएस डिस्कवर स्नॅपशॉट असतात, आणि काढलेला कर्नल जुन्या स्नॅपशॉटमध्ये अभंग बसलेला असतो. स्नॅपशॉट गेल्याशिवाय तो जात नाही.

बूटमध्ये शिरून हाताने फाइल उडवणं सर्व पंथांत निषिद्ध आहे. पॅकेजवाल्याच्या वहीत तो कर्नल जिवंत राहतो, ग्रबच्या मेनूत त्याचं नाव राहतं, आणि निवडला की काळा पडदा. एवढं सांगून हे प्रकरण आवरतो, कारण जे हाताने उडवतात ते ग्रंथ वाचत नाहीत.

राहिला मुहूर्त. तान्हा पोळा सोयीचा वाटतो, पण मुहूर्त तिथीवर नसून रीबूटवर आहे. अपडेट, मग रीबूट, मग वायफाय लागलं का, आवाज येतो का, एनव्हिडियाने पडदा दिला का हे पाहून चालू कर्नल कोणता ते युनेम -आर ला विचारायचं, आणि त्यानंतरच जुन्याला निरोप. अपवाद मे महिन्याचा. पारा ४५ च्या वर, कूलर घरघरतोय, संध्याकाळी अंधड सुटतं आणि नेमकी इनिटरॅमएफएस ही बूटला लागणारी फाइल लिहिली जात असताना लाइन जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे. यूपीएस नसलेला डेस्कटॉप अर्धी फाइल घेऊन पडतो, आणि पुढच्या वेळी मेनूतला मागचा कर्नलच त्याला उठवतो. तेव्हा मृग लागेपर्यंत आणखी एक जुना राखून ठेवणं शास्त्रसंमत. टम्बलवीडवर त्यासाठी त्याच ओळीत लेटेस्ट-२ लिहावं लागतं. मधला स्वल्पविराम विसरू नये.