थेंबपारखी

उभ्या मोटरसायकलखाली पडलेला तेलाचा थेंब पाहून, कोणी विचारलेले नसताना, त्याचा उगम सांगणारा गृहस्थ म्हणजे थेंबपारखी. तो महाराष्ट्रात सगळीकडे आढळतो. पण महाबळेश्वरात त्याला जे तेज चढते ते इतरत्र नाही. एक तर हे गावच उगमांचे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री एकाच गोमुखातून पडतात, आणि त्यातले कुठले पाणी कुठल्या नदीचे यावरून तिथे कोणी हुज्जत घालत नाही. मोटरसायकलचे नेमके उलटे. थेंब एक, गोमुखे पाच-सहा आणि हुज्जतीला दिवस पुरत नाही.

थेंबपारख्याचे वय पन्नाशीच्या पुढे. डोक्याला कानटोपी, बगलेत छत्री, आणि हातांची नखे अत्यंत स्वच्छ. त्याच्याकडे स्वतःची गाडी नसते. कधीकाळी राजदूत होती, ती विकून टाकली. तेव्हापासून तिच्यात एकही दोष सापडलेला नाही. गॅरेजशेजारची चहाची टपरी ही त्याची बैठक. गाडी येऊन थांबली की तो कपातला घोट संपवून उठतो, कमरेत वाकतो, इंजिनाखाली पाहतो आणि दोनदा चुकचुकतो. गुडघा मात्र जमिनीला टेकवत नाही. तो मेकॅनिकचा प्रांत.

निदानाआधी तो नंबरप्लेट वाचतो, आणि हा भाग पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. एमएच १२ दिसले की गळती गंभीर असते. "हेड गेलंय, दादा. पसरणी घाटात लई पिळली असणार. हाफ इंजिन करावं लागतंय आता." हाच थेंब एमएच ११ च्या गाडीखाली पडला तर आजार बरा होण्याजोगा ठरतो. "टाकतीय थोडं. टाकू दे की. घरची गाडी हाय."

घाटाचा आरोप मात्र अगदीच हवेतला नाही. वाईहून पाचगणीमार्गे वर येताना गाडी बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढते, इंजिन तापते, तापलेले तेल पातळ होते आणि एरवी जिथून झिरपले नसते अशा फटीतून झिरपते. वर आल्यावर प्रवासी हॉटेलात झोपतो, गाडी थंडीत उभी राहते, आणि सकाळी खाली रुपयाएवढा डाग. पण डाग दिसतो तिथे गळती असतेच असे नाही. सुटलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, चालत्या गाडीवर वारा त्याला मागे ढकलतो, साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, आणि शेवटी जो नटबोल्ट सर्वांत खाली असेल त्याच्या टोकाला थेंब लोंबतो. तो बोल्ट बहुधा निरपराध असतो. सावित्री पोलादपूरच्या बाजूला दिसली म्हणून ती पोलादपुरात उगम पावली असे कोणी म्हणत नाही. ड्रेन बोल्टाच्या वाट्याला एवढा न्याय येत नाही.

उगम शोधण्याची खरी रीत जुनी आणि कंटाळवाणी आहे. रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे, संशयाच्या जागी तोंडाला लावायची पावडर भुरभुरायची, दहा-पंधरा मिनिटे गाडी फिरवून आणायची आणि पाहायचे. जिथे पावडर सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली झाली, तिथून तेल सुटते. खालचे सगळे ओघळ. उन्हाळ्यात तापोळ्याच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीला पावडरही लागत नाही. तांबडी धूळ तेलावर चिकटून वाटेचा नकाशा आयता काढून ठेवते. या रीतीत एकच अडचण आहे. ती चालू असताना बोलायला काही नसते. म्हणून थेंबपारख्याचा तिच्यावर विश्वास नाही. "पुसून काय कळणार? पुसलं की पुरावाच गेला!"

त्याचा सुगीचा काळ जूनमध्ये सुरू होतो. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या काळात गाडीचा कोणताच भाग कोरडा होत नाही, पावडरीचे पीठ मळले जाते, आणि इंजिनाच्या प्रत्येक टोकाला काही ना काही लोंबत असते. गाडीखालच्या डबक्यावर सप्तरंगी तवंग उमटला की आसपासचे तीन थेंबपारखी गोळा होतात. एक म्हणतो टॅपेट कव्हरचे पॅकिंग, दुसरा म्हणतो गिअर शाफ्टचे ऑइल सील, तिसरा दोघांच्या अज्ञानावर हसतो आणि क्लच साईडकडे बोट करतो. तो तवंग आधी तिथे उभ्या असलेल्या जीपचा असू शकतो, ही शक्यता कोणी बोलून दाखवत नाही. तसे झाले तर तिघांनाही टपरीवर परतावे लागेल.

न गळणारी गळती हा तर स्वतंत्र विषय. पावसात साखळी गंजू नये म्हणून मालकाने आदल्या दिवशी तिच्यावर वाटीभर जळके ऑइल ओतलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी स्प्रॉकेटखालचा थेंब पाहून तोच मालक घाबरतो. कोणी तेल बदलताना माप पाहत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीला ९०० मिलिलिटर पुरत असताना हात सैल सोडून लिटरभर ओतून मोकळा होतो. जादा तेल ब्रीदरच्या नळीने फिल्टरच्या डब्यात जाते आणि तिथून बाहेर ठिबकते. इंजिन धडधाकट असते. मालकाचा हात तेवढा गळका.

बुलेटपुढे मात्र थेंबपारख्याचा सूर बदलतो. १९५५ साली मद्रासमध्ये जिचे बस्तान बसले त्या जुन्या बुलेटखाली तेल नसले तर त्याला काळजी वाटते. "टाकत नाही? मग आत हाय का बघा आधी." हा विनोद ब्रिटिश गाड्यांबद्दल जगभर सांगितला जातो, महाबळेश्वरात तो वैद्यकीय सल्ला म्हणून दिला जातो. जुन्या बुलेटच्या क्लच साईडचे झाकण मधल्या एकाच नटावर बसते. गळती थांबावी म्हणून तो नट जितका आवळावा तितके झाकण वाकते आणि तेल अधिक मोकळेपणाने बाहेर येते. "अजून अर्धा आटा मारा" असे सांगणारा कोण, हे वेगळे सांगायला नको.

आवळणे हा त्याचा सर्वरोगहर उपाय आहे. ड्रेन बोल्टाखाली जो मऊ धातूचा वायसर असतो तो दाबला जाऊन जागा भरतो. एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा त्याचा भरवसा नाही, म्हणून तेल बदलताना तो नवा घालायचा असतो. किंमत चहाभजीहून कमी. जुनाच वायसर ठेवून बोल्ट पिळला तर चेंबरचे अॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि चहाभजीचे काम लेथवाल्यापर्यंत पोचते. असे झाल्यावर थेंबपारखी कंपनीला दोष देतो. पूर्वी लोखंड चांगले यायचे.

या सगळ्यात मेकॅनिक कुठे असतो? तो ऐकत असतो. बोलत नाही, कारण त्याच्या तोंडात बहुधा दहा नंबरचा बोल्ट असतो. गर्दी पांगली की तो इंजिन पुसतो, गाडी डबल स्टँडवर सरळ लावतो आणि खाली स्ट्रॉबेरीच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवून शटर ओढतो. रात्रभरात थेंब पुठ्ठ्यावर पडतो आणि वर नजर टाकली की त्याची जागा कळते. सकाळी थेंबपारखी मेकॅनिकच्या आधी पोचलेला असतो. पुठ्ठ्यावर काळ्या तेलाचा एक बारीक ठिपका असतो, बरोबर ड्रेन बोल्टाखाली. तो त्याला दिसत नाही. त्याला दिसतो पुढच्या चाकाकडचा तांबूस डाग. तो बोट फिरवतो, वास घेतो, क्षणभर डोळे मिटतो.

"शॉकअपचं ऑइल," तो म्हणतो. "पण भेसळीचं हाय. गोड वास येतोय."