खो द्या, टोमणे नकोत

चूक झाल्यावर ‘अरेऽऽ!’ असं ओरडून खेळात काय सुधारतं, ते मला आजवर कळलेलं नाही. गडी हातातून निसटला हे ज्याच्या हातातून निसटला त्याला सगळ्यांत आधी कळतं. पंचांना कळतं, गुणलेखकाला कळतं, कुंपणापलीकडे स्कूटर लावून बघत उभ्या असलेल्या काकांनाही कळतं. तरी बसलेल्यांपैकी दोघं-तिघं एका सुरात ओरडतात. एक जण मांडीवर थाप मारतो, एक जण मान खाली घालून नकारार्थी हलवतो. पुढच्या क्षणी कुणाला खो द्यायचा हे ज्याला ठरवायचं आहे, त्याचं लक्ष नेमकं तेव्हा या सगळ्यांकडे जातं. दुसराही गडी सुटतो. मग पुन्हा ‘अरेऽऽ!’

छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळच्या सरावाला कुठल्याही खो-खोच्या मैदानाजवळ थोडा वेळ उभं राहिलं तर हे ऐकायला मिळतं. आमच्याकडे ओरड दोन भाषांत असते, ‘काय करतो रे’ आणि ‘क्या कर रा बे’. दोन्हींत खेळणाऱ्याच्या उपयोगाचा एकही शब्द नसतो.

ज्यांनी शाळा सुटल्यापासून खो-खो पाहिलेला नाही, त्यांना थोडं सांगायला हवं. आठ गडी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत एकाआड एक, विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की पाटीच्या टोकाचा खांब गाठेपर्यंत मागं वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. तो दोन गड्यांच्या मधून पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याकडे एकच मार्ग उरतो, बसलेल्या साथीदाराला खो देण्याचा. म्हणून या खेळात एकट्याच्या वेगाला मर्यादा आहे. मागून आलेल्या आवाजावर विश्वास ठेवून उठणारा गडी लागतो, आणि विश्वास ठेवावा असा आवाज देणाराही लागतो. खो पाठीमागूनच द्यायचा, हाताचा स्पर्श आणि आवाज एकदमच व्हायला हवा, तो आवाज स्पष्ट ऐकू जायला हवा, असा नियमच आहे. साथीदाराशी कसं बोलावं हे ज्या खेळानं इतकं बारकाईनं नेमून दिलं, त्याच खेळात आम्ही एकमेकांशी इतकं वाईट बोलतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

खेळात चुकीची व्यवस्थाही आहे. खो मिळण्याआधी कुणी उठलं तर पंच शिट्टी वाजवतात आणि पळणाऱ्याच्या उलट दिशेनं जाऊन ती चूक भरून काढावी लागते. तेवढ्यात पळणारा दम खाऊन घेतो. शिक्षा झाली, विषय संपला, खेळ पुढे सुरू. पंचांची शिट्टी चूक भरून निघाली की थांबते. आमच्या साथीदारांची त्याच चुकीबद्दलची कुरकुर पाळी संपेपर्यंत चालते.

दुसरी तक्रार दिशांची आहे. ‘मागे, मागे!’ असं कुणीतरी जीव तोडून ओरडतं. पण आठांतल्या चौघांची तोंडं एकीकडे आणि चौघांची दुसरीकडे. एकाचं मागे ते शेजारच्याचं पुढे. ‘उजवीकडे’चंही तेच. निम्मे गडी चुकीच्या बाजूला वजन टाकतात आणि खो मिळाल्यावर उठताना अडखळतात. मग त्यांनाच विचारतात, ऐकू येत नाही का? ऐकू येतं. ऐकल्यामुळेच ते अडखळले. यावर उपाय अगदी साधा आहे. मैदान आखताना, फक्की मारून होते न होते तोच, दोन्ही खांबांना नावं द्यावीत. एक झाडाकडचा, एक रस्त्याकडचा. दोन बाजूंना नावं द्यावीत. एक भिंत, एक पायऱ्या. ‘झाडाकडे’ म्हटलं की आठही जणांना एकच जागा कळते, तोंड कुणीकडेही असो. याला पैसा लागत नाही, नवा प्रशिक्षक लागत नाही. तरी मी हे सुचवलं की ‘बघू, पुढच्या वेळी’ असं उत्तर मिळतं आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘मागे, मागे!’

मैदानाबाहेरून बोलणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. राखीव गडी, एखादा माजी खेळाडू, कुणाचे तरी वडील, असे तिघं एकाच वेळी तीन सल्ले देतात. ‘खांब मार’, ‘खो दे’, ‘थांब’. पाठलाग करणाऱ्याला यांतला एकच पाळता येतो, आणि उरलेल्या दोघांना राग येतो. एक आवाज ठरवा आणि बाकीच्यांनी गप्प बसा, एवढंच म्हणणं आहे. आणि ‘टेन्शन घेऊ नको’ हे वाक्य दात-ओठ खाऊन म्हणू नका. त्या सुरात ते ऐकल्यावर ज्याला टेन्शन नव्हतं त्यालाही येतं.

ओरडणाऱ्यांपेक्षाही मला जास्त त्रास होतो तो गप्प होणाऱ्यांचा. एखाद्यानं उशिरा खो दिला, आपण मारलेला सूर फुकट गेला, कोपर सोलवटलं, की काही जण त्याच्याशी बोलणं बंद करतात. इतर खेळांत असा रुसवा लपतो, खो-खोत लपत नाही. समजा, तो पाचव्या चौकोनात बसला आहे. त्याला सबंध पाळीत एकही खो मिळत नाही. पाठलाग करणारा त्याच्या मागून जातो, पुढच्याला खो देतो. परत येतो, मागच्याला खो देतो. पाळी नऊ मिनिटांची असते. तेवढा वेळ तो बिचारा गुडघे वाकवून, बोटं मातीत टेकवून, टाच उचलून तयार बसलेला असतो. पोटऱ्या भरून येतात. त्याच्या बोटांखाली मातीत पाच-पाच खळगे पडतात. तो उठला असता तर गडी नक्की टिपला असता, हे बाहेरून बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत असतं. रागावलेल्या माणसानं त्या एका गड्याला शिक्षा दिली आणि गुण सगळ्या संघाचे गेले.

आणि मग रात्री व्हॉट्सअप.

सामना पाचला संपतो, सगळे एका टपरीवर कटिंग घेतात, क्रिकेटवर बोलतात, गाड्यांवर बोलतात, हसतखेळत घरी जातात. समोरासमोर कुणी अवाक्षर काढत नाही. जेवणं झाल्यावर, झोपायच्या वेळेला, गटावर संदेश येतो: ‘आजच्या सामन्यात काही जणांनी सिरियसली घेतलं नाही. नाव घेत नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.’ खाली तीन अंगठे. एक जोडलेले हात. एक ‘सहमत’. सहमत कशाशी, कुणाबद्दल, हे कुणालाच ठाऊक नसतं. ज्याला उद्देशून ते लिहिलेलं असतं त्यानं गट कधीच म्यूट केलेला असतो. आणि संघातला सगळ्यांत नवा पोरगा, ज्यानं त्या दिवशी उलट दोन सुरेख खो दिलेले असतात, तो ‘सॉरी दादा, पुढच्या वेळी नीट खेळेन’ असं लिहून मोकळा होतो. त्याला कुणी सांगतही नाही की बाळा, हे तुझ्यासाठी नव्हतं. त्याचे ते दोन खो कुणी बोलून दाखवत नाही. चांगला खो दिल्यावर बोलायची आमच्याकडे पद्धतच नाही. तो त्याचं कर्तव्य समजला जातो.

राग येऊ नये असं माझं म्हणणं नाही. जिल्हा निवड चाचणी तोंडावर आलेली असते. नोकरी, कॉलेज, क्लास सांभाळून माणसं सरावाला येतात. मे महिन्यात पाच वाजताही पाय भाजतील अशी जमीन तापलेली असते. एवढं करून गडी सुटला की चीड येणारच. प्रश्न ती चीड कुठे आणि कशी बोलायची, एवढाच आहे. ‘तुझं लक्षच नसतं’ असं म्हटलं तर समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही, तो फक्त दुखावतो. ‘तू खो देताना एक पाऊल जास्त टाकतोस, मी उठेपर्यंत गडी खांब वळतो’ असं म्हटलं तर त्याला पुढच्या पाळीत करून बघता येतं. पहिलं वाक्य माणसाबद्दल आहे, दुसरं पावलाबद्दल. पाऊल बदलता येतं. हे दुसरं वाक्य विश्रांतीत, त्याच्या नावानं, त्याच्या शेजारी बसून, पाण्याची बाटली त्याच्या हातात देत म्हणायला अर्धं मिनिट पुरतं.

अल्टिमेट फ्रिस्बी या खेळाकडे मी यासाठीच आदरानं बघतो. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमधल्या मुलांनी तो सुरू केला. सात-सात जणांचे संघ, मध्ये एक उडती चकती, आणि पंच नाहीत. फाउल झाला तर ज्याला धक्का लागला त्यानंच पुकारायचा. समोरच्यानं तो मान्य करायचा किंवा मान्य नाही असं सांगायचं. नाहीच पटलं तर चकती आधीच्या फेकणाऱ्याकडे जाते आणि खेळ पुढे सुरू होतो. चकती हातात असलेल्यासमोर उभा राहणारा प्रतिस्पर्धी दहापर्यंत मोठ्यानं मोजतो, तेवढ्यात ती फेकावी लागते. म्हणजे तिथं नीट बोलता आल्याशिवाय खेळताच येत नाही. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांत मिसळून गोल करून उभे राहतात आणि काय आवडलं, काय खटकलं ते तिथल्या तिथे सांगतात. पुढे प्रत्येक संघ समोरच्या संघाच्या वागणुकीला गुण देतो. नियमांचं ज्ञान, अंगाला भिडणं, न्यायबुद्धी, वृत्ती आणि संवाद असे पाच मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते चार. संवादाला स्वतंत्र गुण आहेत, हे वाचून मला आमचा रात्रीचा गट आठवला आणि वाईट वाटलं. तिथले लोक हरल्यावर प्रतिस्पर्ध्याबरोबर गोलात उभे राहतात. आम्हाला आपल्याच बारा जणांचा गोल करायला जमत नाही.

आमच्या शहराची म्हणून एक वेगळी अडचण आहे आणि ती सांगायलाच हवी. पैठणला जायकवाडीसारखं धरण असून शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येतं, हे इथं वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. सरावाच्या मध्येच कुणाला तरी घरून फोन येतो, ‘पाणी आलं.’ तो उठतो आणि जातो. त्याच्या जाण्याबद्दल मला राग नाही. घरी टाकी भरायला दुसरं कुणी नसेल तर जायलाच हवं, आणि त्याच्या जागी असतो तर कुणीही गेलं असतं. राग येतो तो न सांगण्याचा. आपल्या भागात कोणत्या दिवशी पाणी आहे याचा साधारण अंदाज प्रत्येकाला असतो. तो आदल्या रात्री एका ओळीत कळवला तर सराव दुसऱ्या दिवशी ठेवता येतो, किंवा त्या दिवशी पाठलागाऐवजी नुसता खांबावर सूर मारायचा सराव घेता येतो. न कळवल्यामुळे सात जणांनी नऊ जणांचा पाठलाग करून बघण्याचा प्रकार होतो. दोन चौकोन रिकामे राहतात, साखळी तुटते, आणि मग जे आलेत त्यांनाच न आलेल्यांचा राग ऐकून घ्यावा लागतो.

हे सगळं मी आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष दोन्ही गटांत भारतानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्याआधी, २०२० मध्ये, आपल्या मराठवाड्यातल्याच धाराशिवच्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. ‘आमच्या मुलीला खो-खोत घ्याल का’ असं विचारत आता आईबाप मैदानाच्या दारापर्यंत येतात. माझ्या शाळेच्या दिवसांत असं कुणी आलेलं मला आठवत नाही. ही मुलं आली की सुरुवातीला चुकणारच. आधी उठतील, उशिरा खो देतील, खांबाला वळसा घालताना घसरतील. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी मिळून ‘अरेऽऽ!’ केलं की तो त्या दिवशी काही बोलत नाही. पुढच्या आठवड्यात पोट दुखतं असं घरी सांगतो. त्यानंतर येत नाही. मैदान सोडून गेलेल्या मुलानं कारण सांगितलं आहे असं मी तरी पाहिलेलं नाही, आणि त्याला परत आणायला घरी जाऊन आलेला साथीदारही पाहिलेला नाही.

तेव्हा माझ्या संघातल्या आणि शहरातल्या इतर संघांतल्या मित्रांनो, विनंती करतो. पाळी सुरू असताना फक्त पुढच्या क्षणी उपयोगी पडेल तेवढंच बोला. खांबांना नावं द्या. चांगल्या खोला ‘मस्त’ म्हणा, त्याला श्वासभर वेळ लागतो. जे खटकलं ते चहाच्या आधी, मैदानावरच, गोल करून, ज्याचं त्याला नाव घेऊन सांगा, आणि रात्री गटावर फक्त सरावाची वेळ टाका. रुसवा असेल तरी पाचव्या चौकोनातल्याला खो द्या. आणि ज्यांच्याकडे उद्या पाणी येणार असेल त्यांनी कृपा करून आजच कळवा.