नखावरचा थेंब

दूधवाल्यावर माझ्या आईचा काडीचा विश्वास नाही. रोज सकाळी पातेल्यात माप पडलं की ती बोट बुडवते, अंगठ्याच्या नखावर थेंब घेते आणि नख तिरकं धरते. थेंब टिकला तर दूध, ओघळला तर पाणी. दूधवाल्याची वीस वर्षांची सचोटी, गळ्यातली माळ, मुलाबाळांच्या शपथा, यांतलं काहीही पुरावा म्हणून दाखल करून घेतलं जात नाही.

गुरुवार, 21 सप्टेंबर 1995 रोजी मात्र हे कोर्ट बंद होतं.

त्या दिवशी पहाटे दिल्लीत गणपती दूध प्यायला. फोनाफोनी होऊन बातमी देशभर गेली आणि दिवस मावळायच्या आत लंडनच्या साउथॉलमध्येही मूर्ती पिऊ लागल्या. खरं तर बाप्पाचं विसर्जन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पितृपक्ष चालू होता, म्हणजे घरोघरी कावळ्याची वाट बघायचे दिवस. पण कावळा परवडला. तो निदान नाही तरी म्हणतो. (दहाव्याला अडून बसला की आपण ‘धाकटीचं लग्न लावून देऊ’पासून एकेक कबूल करत जातो आणि तो शेवटी भुकेपोटी येतो, ते सोडा.)

देवळात नकाराची सोयच नव्हती. चमचा रिकामा झाला की चमत्कार. नाही झाला, तर पाजणाऱ्याच्या मनात किंतु असणार. आमचे काका ऑडिटर होते. सही नसलेल्या साडेतीन रुपयांच्या व्हाउचरवरून त्यांनी माणसांना रडवलेलं आहे. ते गाभाऱ्यातून डोळे पुसत बाहेर आले. म्हणाले, “स्वतः पाहिलं.”

“काय पाहिलं?”

“चमचा रिकामा झाला.”

“पण दूध गेलं कुठे?”

खाली फरशी पांढरी झाली होती, काकांचे तळवे चिकट झाले होते. चमच्याचा खर्च बिनचूक मांडलेला आणि फरशीवरची जमा कुणी धरलेलीच नाही! एरवी कुणी अशी वही आणली असती तर काकांनी ती तोंडावर फेकली असती.

दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून मूर्तीला पाजलं. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. पांढरं असताना दिसत नव्हतं, रंगामुळे दिसलं. काका म्हणाले, “रंगवलेलं दूध देव कशाला पिईल?” भेसळीच्या बाबतीत देवही आईइतकाच कडक.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. वरवंटा ओला करून उभा धरला आणि चमचा लावला. वरवंटा दूध प्यायला. आई दोन क्षण गप्प राहिली. पण बारशाला ज्याला कुंची घालून ‘गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून फिरवतात, त्याला साक्षीला बोलावण्यात माझीच चूक झाली होती. तिने त्याला कुंकू लावलं. आठ दिवस घरात चटणी वाटली गेली नाही.

शुक्रवारी सकाळी कोर्ट पुन्हा भरलं. थेंब नखावरून सरळ ओघळला.

“पाणी घातलंस मेल्या!”

“नाही हो आई,” दूधवाला हात जोडून म्हणाला, “नखानं प्यायलं असंल.”