तात्या आणि अधिक महिना

आमच्या तात्यांच्या दारचा दिवाळीचा कंदील बघायचा असेल तर अनंत चतुर्दशीला यावं. गुलालाने माखलेली पोरं रिकामा पाट घेऊन जिना चढत असतात आणि तिसऱ्या मजल्यावर कंदील लुकलुकत असतो. त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कारण बाहेर धो धो पाऊस.

डोंबिवलीत बहुधा दर सोसायटीमागे असा एक तात्या असतो. नवं कालनिर्णय हाती आलं की बाकीचे राशिभविष्य चाळतात, तात्या थेट आश्विन वद्य गाठतात आणि मागच्या दिवाळीची तारीख वजा करतात. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे सण दर साल अकराएक दिवस अलीकडे सरकतात. हा तात्यांचा बोनस. गणपती 2023 साली 19 सप्टेंबरला, पुढच्या वर्षी 7 सप्टेंबरला आणि 2025 साली चक्क 27 ऑगस्टला! नातवाचा वाढदिवस विचारला तर मात्र काकूंकडे बघतात.

याउलट संक्रांत. ती सूर्याच्या हिशेबाने चालते, 14-15 जानेवारी सोडून हलायचं नाव नाही. तात्या तिळगूळ घेतात, पण नाराजीने. "सरकारी खातं हो ते," म्हणतात, "वेळेआधी काही मिळायचं नाही."

पितृपक्षात लोक खरेदी टाळतात, म्हणून तात्या तेव्हाच बाहेर पडतात. दुकानात गर्दी नाही, शिवाय "पितरांनाही कळू दे की दिवाळी जवळ आली." एकदा ते माहीमच्या कंदील गल्लीत इतके आधी पोचले, की बांबूच्या सांगाड्यांवर कागद चढायचा होता. तात्या सांगाडाच घेऊन आले. लोकलमधून. संध्याकाळी सहाच्या. त्या सांगाड्याला डब्यातल्या लोकांनी काय काय नावं ठेवली ती इथे लिहिता येण्यासारखी नाहीत.

खरी परवड काकूंची. चकलीची भाजणी घटस्थापनेआधी दळून हवी. चकल्या होतात, आणि परतीच्या पावसाच्या दमट हवेत दोन दिवसांत सादळतात. वाकवली तरी मोडत नाही अशी चकली मी फक्त तात्यांकडेच खाल्ली आहे. काकू बोलल्याच एकदा, "अहो, सण येऊ दे की त्याच्या पायाने!" त्यावर तात्यांनी अनारशाचा हुकमी पत्ता काढला. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत वाळवा, कुटा, गूळ घालून गोळा करा. मग तो जितका मुरेल तितका चांगला. घाई करणाऱ्याला स्वयंपाकघरात एवढा पाठिंबा दुसऱ्या कुठल्याच पदार्थाचा नाही.

आणि प्रत्यक्ष दिवाळी? नरकचतुर्दशीला पहाटे सगळी सोसायटी उटणं लावून कारीट फोडत असते, तेव्हा तात्यांचं दार बंद. मोती साबणाची वडी त्यांनी भाद्रपदातच झिजवलेली असते. लक्ष्मीपूजनाला फराळाच्या डब्यात चिवड्यातले जळके शेंगदाणे तेवढे उरतात. भाऊबीजेला बहीण दारात पोचते तेव्हा तात्या स्टुलावर उभे राहून कंदील उतरवत असतात. मला वाटतं, त्यांना सण आवडतच नाही; तो येतोय, एवढंच आवडतं.

अशा माणसाचा एकच वैरी, अधिक महिना. अडीच-पावणेतीन वर्षांनी तो उगवतो आणि तात्यांनी जमवलेले सगळे दिवस एका झटक्यात वसूल करतो. 2026 सालचं कालनिर्णय उघडलं आणि तात्या मटकन खाली बसले. अधिक ज्येष्ठ! दिवाळी 8 नोव्हेंबरला! चार दिवस ते लिफ्टमध्येही कुणाशी बोलले नाहीत. सांत्वनाला गेलेल्या जोशीकाकांना म्हणाले, "पंचांगात असा महिनाच्या महिना घुसवतात, आणि कोणी काही बोलत नाही."

पाचव्या दिवशी चेहरा उजळला. अधिकात जावयाला वाण देतात, तेहतीस अनारसे! तात्यांची सासुरवाडी पेणची, म्हणजे गणपती वर्षभर घडतात त्या गावची. तिथे तरी घाईचं मोल कळत असेल. अधिक लागणार 17 मेला. तात्यांनी जानेवारीतच मेहुण्याला फोन लावला आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "काय रे, तांदूळ भिजत घातले का?"