प्रमुख पाहुण्यांचा कचरा

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग पाडले: ओला, सुका आणि घरगुती घातक. नियम करणारी मंडळी हुशार खरी, पण एक प्रकार त्यांच्या नजरेतून सुटलाच. तो म्हणजे प्रमुख पाहुण्यांचा कचरा.

हा ओला नसतो, कारण पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात. त्यात खरकटे नसते, त्याला वास नसतो आणि कुत्री त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. उत्तम प्रतीचा माल म्हणजे वाळलेली पाने. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात राजधानीत या मालाची टंचाई जाणवली. नेते जिथे झाडू मारणार, तिथे आधी पाने आणून पसरल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. लोक उगाच हसले. पाहुण्यांना जेवायला बोलावून आपण रिकामे ताट वाढतो का?

गाडगेबाबांना हे नियोजन कधी जमले नाही. गावात शिरले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले खरे, पण समारंभांनी क्रम बदलून घेतला. आता आधी कीर्तन, मग खराटा, तोही कॅमेरा चालू असेपर्यंत.

गटाराकडे मात्र पाहुणे फिरकत नाहीत. त्यांना दोष देऊ नका. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि पाहुण्यांच्या बाबतीत हा कायदा अगदी काटेकोर पाळला जातो.

सोहळा दहा मिनिटांत आटोपतो. मागे उरतात हारतुरे (ओला), पाण्याच्या बाटल्या आणि फ्लेक्स (सुका), शिवाय एकदाच वापरलेले हातमोजे. वर्गीकरण असे आपोआप होते. मग मुकादम हाक मारतो आणि पहाटेच तो रस्ता झाडून गेलेले कंत्राटी कामगार तो पुन्हा झाडतात, या वेळी उघड्या हातांनी. ठेकेदाराकडे हातमोज्यांची मागणी त्यांनी केलेली असते, फाइल पुढे सरकलेली नसते.

यावर आमच्याकडे बिनखर्चाचा उपाय आहे. प्रत्येक सफाई कामगाराची प्रमुख पाहुणा म्हणून नेमणूक करावी. फाइल एका रात्रीत सरकेल, हातमोजे मिळतील आणि गटारात उतरा म्हणायची कोणाची छाती होणार नाही.