एक टक्क्यावरील समस्त संस्थांस अनावृत पत्र

प्रति,
सूचीबद्ध कंपन्यांत एक टक्का व त्याहून अधिक हिस्सा बाळगणाऱ्या समस्त संस्था,
यांस डोणगाव (ता. मेहकर, जि. बुलढाणा) येथील किरकोळ गुंतवणूकदाराचा साष्टांग नमस्कार.

तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत प्रत्येक सूचीबद्ध कंपनीस भागधारणेचा तक्ता, म्हणजे कोणाकडे किती टक्के शेअर आहेत याचे विवरण, शेअर बाजारास सादर करावे लागते. प्रवर्तकांखेरीज एक टक्का वा अधिक हिस्सा असणाऱ्यांची नावे त्यात येत असल्यामुळे सदर गुंतवणूकदार तो तक्ता पंचांगाच्या श्रद्धेने वाचतो. संस्थेचे नाव आले की मुहूर्त, गळले की ग्रहण. हिस्सा 1.02 वरून 0.98 टक्क्यांवर आला तरी नाव जाते आणि संस्था जवळजवळ तेवढेच शेअर घेऊन जागच्या जागी असते, हे ग्रहणाच्या गडबडीत त्याच्या ध्यानी येत नाही. किंबहुना एकही शेअर न विकता हिस्सा घटतो: 10 कोटी शेअरांपैकी 50 लाख बाळगणाऱ्याचे 5 टक्के, कंपनीने 2.5 कोटी नवे शेअर काढताच, 4 टक्के होतात.

आयुर्विमा महामंडळाविषयी थोडे अधिक. पाच टक्के वा अधिक हिस्सा असणाऱ्यास, मागील कळवणीनंतर त्यात दोन टक्क्यांहून जास्त फेर पडला की, सेबीच्या 2011 च्या नियमांनुसार दोन कामकाजाच्या दिवसांत तसे कळवावे लागते. हा फेर पुष्कळदा महिनोन्महिने साचलेला असतो. डोणगावी मात्र बातमी पोचते ती एका रात्रीत कोठार रिकामे झाल्यासारखी. कोठार केवढे, हे 30 जानेवारी 2023 रोजी महामंडळानेच सांगितले होते: अदानी समूहातील शेअरांची मूळ खरेदी 30,127 कोटी रुपयांची, तर शेअर व कर्जरोखे मिळून त्या समूहातील गुंतवणूक एकूण मालमत्तेच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे देशभर गाजली ती मूठ. त्या मुठीकडे पाहून सोयाबीनची सगळी पट्टी एकाच कंपनीत ओतणाऱ्याची ती मूठ नव्हे, पेव असते.

निर्देशांक फंडांची तर गोष्टच निराळी. निर्देशांकात कंपनीचे नाव आले म्हणून ते घेतात, निघाले म्हणून विकतात, आणि या आज्ञाधारकपणास सदर गुंतवणूकदार ‘संस्थांचा विश्वास’ म्हणतो.

सबब पुढील तक्त्यात टक्क्यांशेजारी ‘कारण’ असा एक रकाना वाढवावा, आणि तो होईतो, हिस्सा विकण्यापूर्वी डोणगावी एक पोस्टकार्ड टाकावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.